आझाद नज्म

सकाळी सात वाजता नालासोपाऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर पाठीला गिटार लावून उभा असलेला मुलगा पाहिला, तेव्हा पहिल्यांदा मला त्याची कीव आली. विरारहून गाडी भरूनच येते. पोटाशी सॅक धरणाऱ्यालाही दारात पाय ठेवायला जागा नसते, तिथे ही लांबलचक काळी पिशवी कोण आत घेणार? त्याने दोन गाड्या सोडल्या. तिसरीच्या वेळी मान वळवून म्हणाला, "सलाम, टीचर." तेव्हा ओळख पटली. दहावीला माझ्या वर्गात होता. उर्दूत बरा, गणितात जेमतेम, आणि बाकावर बोटांनी सतत ठेका धरणारा. त्या ठेक्याबद्दल मी त्याला अनेकदा उभे केले होते.

पुढच्याच आठवड्यात त्याची आई घरी आली. नवरा शिलाईकाम करतो, ती काजबटण करते. चहाला हात न लावता म्हणाली, "टीचर, तुम बोलो उसको. तुम्हारी सुनेगा." कॉलेजच्या फीचे पैसे मुलाने रेकॉर्डिंगला घातले होते. बाप दोन दिवस जेवला नव्हता. 'मिरासी का काम' एवढेच तो म्हणत होता. गिटार विकून फी भरावी, आणि हे मी त्याच्या गळी उतरवावे, अशी आईची अपेक्षा होती. मी होकार दिला. पोराला समजावणे हा तर आमचा पेशाच.

तो रविवारी आला. मी बोलायला सुरुवात करणार तोच त्याने विचारले, "टीचर, नून मीम राशिद कॉलेज में पढ़े थे ना आपने?" मी चकित झाले. शाळेच्या पुस्तकात आम्ही गालिब शिकवतो, इक्बाल शिकवतो. राशिदपर्यंत आमची मुले सहसा पोहोचत नाहीत. त्याने मोबाईलची एक तार माझ्या कानाला दिली. गिटार वाजत होती, मागे ढोल-तबल्याचा ठेका होता आणि शब्द राशिदचे होते!

गाण्याचे नाव 'डरते हो'. बँड दिल्लीचा, इंडियन ओशन. त्यांचा 'कंदीसा' हा अल्बम २००० साली कंपनीने काढला आणि गाजला. पुढे २०१० साली त्यांनी वेगळीच गोष्ट केली. '१६/३३० खजूर रोड' या अल्बममधली गाणी दरमहा एक अशी इंटरनेटवर ठेवली आणि ज्याला हवी त्याने फुकट न्यावीत असे सांगितले. अल्बमचे नाव म्हणजे करोलबागेतल्या एका जुन्या बंगल्याचा पत्ता. तिथे हे लोक वर्षानुवर्षे तालीम करत. त्यांचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी वारले होते. त्यांचा आवाज असलेली गाणी लोकांपर्यंत अशी पोहोचली. राशिद १९१० साली जन्मले, म्हणजे ते त्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष. उर्दूवाल्यांनी शताब्दीला मुशायरे, चर्चासत्रे केली असतील. पण माझ्या विद्यार्थ्याच्या कानापर्यंत राशिदला आणले ते गिटारने.

"इसको इंडी बोलते हैं टीचर, इंडिपेंडंट," तो म्हणाला. मी म्हटले, "म्हणजे आझाद." तो हसला. "हाँ, आझाद नज्म जैसा."

त्याने ते सहज म्हटले, पण माझ्या डोक्यातून जाईना. राशिदनी उर्दूत आझाद नज्म रुजवली तेव्हा जुन्या लोकांनी नाके मुरडली. काफिया नाही, रदीफ नाही, ओळी लहानमोठ्या, ही कसली शायरी? पण आझाद म्हणजे मोकाट नव्हे. राशिदच्या ओळीत रुक्न असतो, वजन असते. फक्त ओळ कुठे तोडायची ते कवी ठरवतो. त्या गाण्यातही तेच होते. ठेका जागचा हलत नव्हता, आणि गिटार कधी दोन सुरांत थांबत होती, कधी लांबवर जात होती. फिल्मी गाण्यासारखा मुखडा-अंतऱ्याचा हिशेब तिला नव्हता.

मुंबईत ही वाट जुनीच आहे. धोबी तलावाच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक नावाचा मेळा भरू लागला. रॉक मशीन हा मुंबईचा बँड. विलायती बँडची गाणी हुबेहूब वाजवणे हीच तेव्हा हुशारी समजली जाई. या मुलांनी १९८८ साली स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि १९९३ साली बँडचे नाव बदलून इंडस क्रीड ठेवले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातला गजर थांबला. गाणी मात्र थांबली नाहीत.

आपल्याला तरी हे नवीन आहे का? मुसलमान मराठीत लिहितो, हेच ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्या दारात आपण किती काळ उभे राहणार होतो? म्हणून १९९० साली सोलापूरला आपले पहिले संमेलन भरले. पदरचे पैसे घालून पुस्तके निघाली, अंक निघाले. त्या मुलाने संकोचत सांगितले की त्यांची तीन गाणी आतापर्यंत दोनशे अकरा जणांनी ऐकली. मला हसू आले नाही. आपल्या अंकांच्या प्रती किती खपतात ते मला माहीत आहे.

मग त्याने त्याचे गाणे ऐकवले. ड्रम वाजवणारा वसईचा ख्रिस्ती मुलगा, बेसवाला आगाशीचा, शब्द याचे. विषय पाण्याच्या टँकरचा! उर्दूत सुरू होऊन धृपदाला मराठी होणारे गाणे. गिटार सुरुवातीला कानाला खरखरीत लागली, रिकामे हंडे फरशीवर ओढावेत तशी. मग कळले, तिने तसेच वाजायला हवे होते.

आता मी काय समजावणार होते? इमाम गज्जालींनी 'इह्या'मध्ये समाची चर्चा केली आहे. तारवाद्ये त्यांनी मना केली, पण कारण दिले ते दारूच्या मैफिलींशी असलेल्या त्यांच्या नात्याचे. आवाज गोड लागतो हा गुन्हा त्यांनी मानला नाही. मी आलिम नाही. बापाशी या मुद्द्यावर वाद घालण्याची माझी लायकी नाही, आणि मी घातलाही नाही.

पण मुलाला एक गोष्ट सांगितली. "तू स्वतःला आझाद म्हणवतोस. मग अब्बांच्या मशीनच्या पैशावर कसली आझादी? हे तर वजन दुसऱ्याकडून उसने घेणे झाले. गिटार विकू नकोस. फी परत कर."

तो बराच वेळ गप्प बसला. जाताना सलामही न करता गेला. मला वाटले, मी त्याला दुखावले आणि आईलाही फसवले.

आईला मी खरे तेच सांगितले. ती नाराज झाली. "तुम भी, टीचर!" म्हणाली. अजून पूर्वीसारखी बोलत नाही.

मुलगा संध्याकाळी दोन घरी शिकवण्या घेतो. फीचे पैसे हप्त्याहप्त्याने आईच्या हातात देतो. बाप ते मोजून घेतो, बोलत नाही. गाणे त्याने अजून ऐकलेले नाही. गिटार मात्र घरातच आहे, शिलाई मशीनच्या वरच्या खिळ्याला. तो खिळा कोणी ठोकला, हे मी विचारलेले नाही.

परवा तो पुन्हा दिसला, समोरच्या प्लॅटफॉर्मवर, विरारच्या गाडीसाठी. आता तो आधी उलटा विरारला जातो आणि तिथून सुटणारी गाडी पकडतो. वीस मिनिटे जास्त जातात, पण गिटार आत जाते. गाडी मध्ये आली तेव्हा त्याने हात वर केला होता. सलामासाठी की दांडी धरण्यासाठी, ते गर्दीत नीट दिसले नाही.