चालू ठेवणारे हात

२००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या एका धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ मोहिमेच्या भारतातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी तो एक. बातमी त्या यंत्रांची झाली. आतल्या ‘शुगर’ या मुक्त प्रणालीकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मला मात्र आजही अप्रूप शुगरचंच आहे. तिच्यात मुलाला काही ‘सेव्ह’ करावं लागत नाही. काढलेलं चित्र, रचलेला सूर आपोआप जर्नलमध्ये जमा होतो. शिवाय त्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर एक खास कळ होती. ती दाबली की समोरच्या खेळामागचा कोडच पडद्यावर उघडायचा. लहान मुलावर एवढा विश्वास टाकणारं दुसरं सॉफ्टवेअर मला माहीत नाही.

पुढे मोहीम ओसरली. शुगरला जगवलं ते २००८ मध्ये वॉल्टर बेंडर यांनी सुरू केलेल्या ‘शुगर लॅब्स’च्या स्वयंसेवकांनी. यातले कष्ट बाहेरून दिसत नाहीत. शुगर पायथन भाषेत लिहिलेली, आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. म्हणजे भुलभुलैयाचा खेळ, जोड्या जुळवण्याचा खेळ, असं एकेक उघडून बसायचं, जुना कोड नव्या आवृत्तीत आणायचा, पुन्हा चालवून बघायचा. एवढं करून मुलाच्या हाती नवं काहीच पडत नाही. काल चालणारा खेळ उद्याही चालतो, इतकंच. २००० साली निघालेला ‘जीकॉम्प्री’ हा मुलांच्या खेळांचा दुसरा एक संच तर नव्या तंत्रावर आणताना जवळजवळ मुळापासून लिहावा लागला.

मुक्त सॉफ्टवेअर बहुधा तगतं ते वापरणाऱ्याच्या गरजेवर. सर्व्हर बिघडला की सर्व्हरवाला स्वतःच हात घालतो. दुसरीतली मुलगी खेळ अडकला तर बग नोंदवत नाही, दुसऱ्या खेळाकडे वळते. तो दुरुस्त करण्याइतकी मोठी होईपर्यंत तिला त्याची गरज उरलेली नसते. शिक्षकांना उसंत नसते. मग हे काम येतं ते ज्यांचं स्वतःचं काहीच अडलेलं नाही अशा माणसांवर. पैशाची चणचण असतेच, पण माझ्या मते खरी अडचण ही आहे.

‘गूगल समर ऑफ कोड’ या उपक्रमातून अशा प्रकल्पांत विद्यार्थी येतात, त्यांत आपले भारतीय पुष्कळ. हुशार असतात, झपाटून काम करतात, एखादी नवी सोय जोडतात आणि बरेचसे आपापल्या वाटेने जातात. ती सोय सांभाळायला मागे तेच मोजके जुने लोक. भाषांतराचंही तसंच. कुणीतरी मनापासून मराठी करून जातं. पुढच्या आवृत्तीतल्या नव्या सूचना इंग्रजीतच राहतात, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथे थबकतं.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला दरसाल नवी अ‍ॅप्स बनतात. तोंडी परीक्षा झाली की त्यांतली बहुतेक कुणी उघडतही नाही. त्यापेक्षा एखाद्या गटाने शुगरमधला एकच खेळ घ्यावा, त्याचे नोंदवलेले बग निस्तरावेत, मराठी पूर्ण करावी, जवळच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांशेजारी बसून तो कुठे अडतो ते पाहावं आणि जाताना पुढच्या वर्षीच्या गटाकडे नीट सोपवावा. विद्यापीठानेही या कामाला नव्या प्रकल्पाइतकेच गुण द्यावेत.