रूम मिळेल, पण...

आम्ही दोघंही पुण्याचे, आधारवरचा पत्ताही पुण्याचाच. म्हणून पुण्यात हॉटेल शोधताना मी फोटोंआधी नियम वाचते: अविवाहित जोडपी चालतात का? लोकल आयडी चालतो का? मग फोन करून तेच पुन्हा विचारते.

२०१५च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांतून पोलिसांनी सुमारे ४० जोडपी उचलली होती. २०१९मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की सज्ञान अविवाहित जोडप्याने हॉटेलात एकत्र राहायला मनाई करणारा कायदाच नाही. तरी काउंटरवर प्रश्न येतोच, “मॅडम, हे कोण तुमचे?”

मी मास्क्ड आधार देते. त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. गरम पाणी, पांढरी चादर नंतर बघू. नाव लिहून गुपचूप किल्ली देणारा माणूस भेटला, की तेच हॉटेल मी सेव्ह करून ठेवते.