गाडीचे काळीज

मोटारीच्या इंजिनावरून एखाद्या घरात दोन महिने अबोला नांदू शकतो, हे मी राजूरला पाहिले. कारण होते माझ्या थोरल्या चुलतभावाची, दादांची, १९७८ सालची पद्मिनी.

हिची वंशावळ पुष्कळांना ठाऊक असेल. मूळची इटलीची फियाट ११००. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती 'डिलाइट' म्हणून बनू लागली, १९७२ मध्ये 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. सासरी गेलेल्या मुलीसारखी नावे बदलली. बॉनेटखालचे १०८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन मात्र माहेरचेच राहिले.

वहिनींना दर गुरुवारी संगमनेरला दवाखान्यात न्यावे लागते. अकोल्याच्या अलीकडे विठे घाट. गेल्या पावसाळ्यात तिथे गाडी अशी उकळली की, आजारी माणसाला घेऊन दोन तास रस्त्याच्या कडेला बसायची वेळ आली. दादा घरी येऊन म्हणाले, "आता इंजिन बदलायचं."

मिस्त्रीने लगेच डिझेलची शिफारस केली. त्याचा मुद्दा बिनतोड होता. पुढे कारखान्यानेच १३६६ सी.सी.चे डिझेल इंजिन घालून पद्मिनी काढली होती की! पण कारखान्याने बसवलेले इंजिन आणि मिस्त्रीने बसवलेले इंजिन यांत दत्तक मुलगा आणि घरजावई यांच्याइतका फरक असतो. डिझेल इंजिन वजनदार. पुढच्या स्प्रिंगा दबतात. त्याची थरथर सोसायला फाउंडेशन निराळे लागते. ते पेट्रोलइतके वेगाने फिरत नाही, म्हणून मागचा डिफरन्शियलही बदलावा लागतो. नाही तर सपाटीवर गाडी नुसती ओरडते.

पुण्याचा पुतण्या जुन्या गाड्यांचा शौकीन. त्याच्या मते ११८ एनईचे ११७१ सी.सी.चे निसान इंजिन घालावे. तेही पेट्रोलचे, आणि ती गाडी प्रीमियरचीच, म्हणजे घराण्यातलीच सोयरीक! शेजारचे एक वृद्ध शेतकरी हे सारे ऐकून म्हणाले, "डांगी बैल आमच्या पावसाचा. त्याच्या कातडीला तेल सुटतं, पाणी ठरत नाही. त्याला खिल्लाराचं काळीज कशाला?" राजूरला डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते, तिथल्या माणसाला दुसरी उपमा सुचणार तरी कशी?

उपमा गोड, पण मला ती पुरती पटली नाही. अ‍ॅम्बॅसडरमध्ये मेटॅडोरचे डिझेल इंजिन घालून ज्यांनी प्रवासी वाहिले, मुलांच्या फिया भरल्या, ते काय अडाणी होते? मूळ इंजिनाचा अभिमान ज्याची गाडी मिरवणुकीपुरती बाहेर निघते त्याला परवडतो. पोटासाठी पळणाऱ्या गाडीला सोवळे नसते. फक्त बदललेल्या इंजिनाचा नंबर आरसी बुकात चढवून घ्यावा. जुन्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी होते, तेव्हा चोरून घातलेले इंजिन मालकाला उघडे पाडते.

पण दादांची पद्मिनी पोटासाठी पळत नव्हती. आणि एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. ती वहिनींनी विचारली.

"त्या इंजिनाचा गियर कुठं येतो हो?"

मिस्त्री म्हणाला, "खाली, मधे."

पद्मिनीचा गियर स्टिअरिंगपाशी, म्हणून पुढच्या सलग बाकावर तिघे बसतात. परतताना वहिनींना धड बसवत नाही. एका बाजूला दादा, दाराशी सून. घाटाच्या वळणांवर त्या दोघांच्या मधे धरल्यासारख्या राहतात. तिथेच दांडा येणार होता!

अबोला त्या दिवशी सुटला. इंजिन उघडले तेव्हा निघाले काय, तर रेडिएटरच्या नळ्या क्षाराने भरलेल्या. सिलिंडर झिजलेले होतेच. ते बोअर करून एक माप मोठे पिस्टन घातले, व्हॉल्व्ह घासले. नंबर तोच राहिला, त्यामुळे कागदपत्रांचीही कटकट नाही.

गाडी आता घाट चढते. सावकाश, पण न उकळता. पेट्रोलचा हिशेब दादा एका वहीत लिहितात. पुतण्या आला की ती वही कपाटात जाते.