पाळतीवर बसलेलें यंत्र

जें डोळ्यांस दिसत नाहीं तें घडतच नाहीं, अशी आपली भोळी समजूत असते. परंतु हल्लीं घरोघरीं जीं यंत्रें आहेत, त्यांच्या पोटांतील मायक्रोकंट्रोलर नांवाची इवलीशी चिप एका सेकंदांत लक्षावधि कृत्यें उरकते. त्यांतील एखादें चुकलें, तर तें पाहावें कसें?

यासाठीं लॉजिक अॅनलायझर हें उपकरण आहे. १९७१ सालीं इंटेल कंपनीची ४००४ ही चिप निघाली. १९७३ सालीं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनें या नांवाचें उपकरण बाजारांत आणिलें. प्रत्येक तारेवरील विजेचा दाब वर आहे कीं खालीं, एवढेंच तें टिपतें. माझें उपकरण आठ तारांवरून सेकंदास २ कोटि ४० लक्ष वेळां नोंद घेतें. या ढिगांतून हवा तो क्षण माणसानें किती वेळ हुडकावा? म्हणून त्यास आधींच एक घटना नेमून द्यावी लागते: 'अमुक तार वर चढली, कीं थांब.' तोंवर तें जुन्या नोंदी पुशीत नव्या ठेवितें. घटना घडतांच तिच्या आगचेंमागचें सर्व जपून ठेवितें.

माझे मामा इचलकरंजीस मागावर विणकर आहेत. बाण्याचा धागा किती वेळां पडला, या मोजणीवर त्यांची मजुरी ठरते. त्यांच्या मागावरील मोजणीयंत्राच्या नोंदींत कधीं कधीं २५५ च्या पुढें ५११ व लगेच खालीं २५६ असे आंकडे येऊं लागले. मामांनीं यंत्रास हात लाविला, असा संशय आला व त्यांची आठवड्याची मजुरी अडली. मालकांच्या संमतीनें तें यंत्र व त्याचा प्रोग्रॅम मजकडे आला.

मीं प्रोग्रॅमांत तीन खुणा घातल्या. धाग्याची मोजणी चालू असतां पहिली तार वर. एकूण आंकडा वाचला जात असतां दुसरी वर. आणि आंकड्यानें एकदम उडी घेतली, तर तिसरी वर. तिसरी तार चढणें हीच घटना मीं नेमिली. 'वाचतांना मोजणी आली' एवढीच घटना नेमिली असती, तर ती पुष्कळदां निष्कारण घडली असती. कारण तशी प्रत्येक गांठ कांहीं आंकडा बिघडवीत नाहीं.

सायंकाळपर्यंत घटना चार वेळां सांपडली. चारही वेळां तिच्या किंचित् आधीं, वाचन अर्धवट असतांना मोजणी मध्येंच घुसलेली दिसली. ही चिप २५५ पेक्षां मोठा आंकडा दोन खणांत ठेविते. तिनें खालचा खण वाचला, २५५. इतक्यांत धागा पडला. खालचा खण शून्य व वरचा एक झाला. मग तिनें वरचा वाचला, एक, म्हणजे २५६. दोहोंची बेरीज ५११! दोन्ही खण वाचण्यास सेकंदाचा चाळीस लक्षावा भाग लागतो. तेवढ्या फटींत सारा घोटाळा. तेवढा वेळ मोजणीस दाराशीं थांबविलें, कीं काम झालें. थांबलेला धागा क्षणभरानें मोजला जातोच.

विद्यार्थी मित्रांनो, 'कोणीतरी लबाडी केली' ही घटनेची व्याख्या नव्हे, तो नुसता संशय होय. काय घडलें असतां आपण थांबणार, हें ज्यानें नेमकें ठरविलें नाहीं, त्याच्या हातून चोर सुटतो व संन्याशी सुळावर चढतो. त्या चार चित्रांच्या प्रती मीं मालकांकडे पाठविल्या. त्यांनीं त्या लक्षपूर्वक पाहिल्या, आणि अडलेली मजुरी स्वतः मामांच्या हातीं दिली.