फडात सापडलेली पिल्लं

दसरा झाला, मोहटादेवीची यात्रा उरकली, की पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवरच्या दारांना कुलपं लागू लागतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. संसार ट्रॅक्टरमध्ये चढतो, म्हातारी माणसं मागे राहतात आणि कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, ऊसपट्ट्याकडे निघतात. गर्भगिरीच्या या कोरड्या मुलखातल्या माणसांची बिबट्याच्या पिल्लांशी गाठ पडते ती बहुधा अशा परक्या फडातच.

ऊस उंच, दाट, आत गारवा आणि जवळ पाणी. मादीला विण्यासाठी याहून निवांत जागा कुठली? पहाटे पाचट बाजूला सारताना एखाद्या बाईचा हात थबकतो. तिथे दोन-तीन पिल्लं एकमेकांत गुरफटून पडलेली असतात. अंगावर ठिपके दिसले की ‘बिबट्या, बिबट्या’ असा गलका होतो, पण कित्येकदा ती पिल्लं वाघाटीची किंवा रानमांजराची निघतात. कुणाचीही असोत, पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं, आई टाकून गेली. तसं सहसा नसतं. आई भक्ष्य शोधायला गेलेली असते, नाहीतर माणसांच्या आवाजाने शेजारच्या रानात दबा धरून बसलेली असते.

जुन्नर, नगर, नाशिक भागांत वनखात्याची माणसं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य अशा वेळी जे करतात, ते मला फार मोलाचं वाटतं. पिल्लं तपासतात, ठणठणीत असतील तर संध्याकाळी त्याच जागी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे लांब जातात. रात्री मादी येते. क्रेट कलंडवते, पिल्लांना हुंगते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून अंधारात घेऊन जाते.

हे लिहिताना 2020 चा ऑक्टोबर विसरता येत नाही. त्या महिन्यात याच पाथर्डी तालुक्यात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराला बिबट्यावर माया करा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. पण पिल्लं उचलून नेली की चवताळलेली मादी त्याच शिवारात घिरट्या घालत राहते, हेही खरं आहे. पिल्लू आईला परत मिळण्यात तोडकऱ्यांच्या कोपीत झोपलेल्या लेकरांचीही सुरक्षितता आहे.

इकडे गावाकडे उन्हाळ्यात वेगळेच रुग्णाईत येतात. कठडा नसलेल्या विहिरीत पडलेला कोल्हा, मांजाने पंख कापलेलं घुबड, कुत्र्यांनी फाडलेला मोर. मायाळू माणूस आधी वाटीत दूध ओततो, आणि तिथेच घात होतो. गाईचं दूध रानातल्या बहुतेक पिल्लांना पचत नाही, हगवण लागून ती सुकतात. चोचीत पाणी ओतलं तर ते श्वासनळीत जातं. जखमी जिवाला सर्वांत आधी हवा असतो तो अंधार आणि शांतता. भोकं पाडलेलं खोकं, आत सुती कापड, आणि घरातल्या पोरांना दटावून दूर ठेवणं. हरणाच्या बाबतीत तर हे फारच जपावं लागतं. पाठलाग आणि धरपकड यांच्या नुसत्या धसक्यानेही ते मरतं. गवतात निपचित पडलेलं काळविटाचं पाडस दिसलं, तर ते अनाथ समजू नका. आई त्याला लपवून दूर चरत असते. अंगावर जखम नसेल तर पाय न वाजवता निघून जावं.

दुखापत मोठी असेल तर जाणत्यांकडेच न्यावं लागतं. शेजारच्या शिरूर कासार तालुक्यात, तागडगावला, सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य सर्पराज्ञी केंद्र चालवतं. तिथे जखमी पशुपक्ष्यांवर उपचार होतात आणि बरे झालेले जीव पुन्हा रानात सोडले जातात. तिकडे हेमलकशात डॉ. प्रकाश आमट्यांनी शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू मागून घेतलं आणि तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. ही माणसं थोर आहेत. पण त्यांचं पाहून आपल्या अंगणात मोर किंवा हरीण पाळायचं नसतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी सरकारची मालमत्ता आहे, आणि तो हाती आल्यापासून 48 तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावंच लागतं. मला हा कायदा योग्य वाटतो. माणसाच्या हाताला सोकावलेलं पिल्लू रानात टिकत नाही.

राहता राहिली फडातली गोष्ट. पिल्लं सापडली की तिथली तोड थांबते, आणि टनावर पोट असलेल्या कोयत्याची त्या दिवसाची कमाई बुडते. वन्यजीव वाचवण्याचा हा खर्च आज गप्पपणे सोसतात ती सर्वांत गरीब माणसं. साखर कारखान्यांनी ही बुडालेली मजुरी भरून द्यावी, आणि हंगाम सुरू होतानाच प्रत्येक टोळीला वनखात्याचा 1926 हा क्रमांक पाठ करून द्यावा.