खांद्यावरचे ओझे

नगरहून सोलापूरकडे जाणारा रस्ता कर्जत तालुक्यात शिरला की मिरजगाव लागते. गाव बाजारपेठेचे, वर्दळीचे. परंतु पेठ मागे टाकून चार शेते ओलांडावीत. मग माळ सुरू होतो, आणि या मुलखाचा खरा स्वभाव तेथे कळतो. मुरमाड जमीन, कुसळी गवत, मधूनच एखादी बोर नाहीतर हिवर. सह्याद्री चढून आलेला पाऊस येथवर पोचेपर्यंत थकलेला असतो. म्हणून येथे झाड खुजे आणि आभाळ मोठे!

या माळाने एके काळी पुष्कळ शिकारी पाहिले. काळवीट, ससा, तित्तर, आणि ज्याच्या नावातच माळ आहे तो माळढोक, हे सारे येथले रहिवासी. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि तो खेळ संपला. 1979 साली माळढोकासाठी जे अभयारण्य घोषित झाले, त्यात सोलापूर जिल्ह्याबरोबर कर्जत-श्रीगोंद्याकडचाही प्रदेश आला. आणि पाठोपाठ 1980 मध्ये याच तालुक्यात रेहेकुरीचे अभयारण्य काळविटांसाठी राखले गेले. अवघे 2.17 चौरस किलोमीटरांचे ते रान. पण काळवीट कुंपणाचा हिशेब कुठे ठेवतो? तो शेजारच्या ज्वारीतही भेटतो.

मग आज रायफलीविषयी का लिहावे? मी ज्यांच्या वस्तीवर चार दिवस उतरलो होतो, त्या ऐंशी ओलांडलेल्या आबांनी मला त्याचे उत्तर दिले. तरुणपणी त्यांनी परवान्याने शिकार केलेली. ते म्हणाले, "मास्तर, शिकारीत बार निघतो एकदा. बाकी दिवसभर नुसतं चालणं. ज्याला बंदूक वाहता येत नाही, त्यानं ती उचलूच नये."

आबांकडे .315 ची रायफल आहे. वजन सुमारे साडेतीन किलो. एवढे ओझे ते काय, असे आपल्याला वाटते. परंतु दोन कोस चालल्यावर अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि दस्ता पावलागणिक कमरेवर आदळतो. म्हणून पट्टा रुंद हवा, मऊ कातड्याचा हवा, आणि त्याची लांबी ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे बेतलेली हवी. फार सैल सोडला तर रायफल झोके खाते, फार आवळला तर खांद्यावरून उतरता उतरत नाही. वेळोवेळी खांदा बदलावा. दमलेला माणूस प्रथम सावधपणा खाली टाकतो आणि मग ओझे. आराम आणि सुरक्षितपणा या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, हे त्यांचे सूत्र.

नळीचे तोंड कोठे असावे, हे तर जमीनच सांगते. उघड्या माळावर ते वर आभाळाकडे ठेवून पट्ट्याने खांद्याला अडकवावे. बाभळीच्या काटवनात तसे चालले तर नळी फांदीत गुंतते. तेथे रायफल दोन्ही हातांत, तिरपी, छातीशी धरावी. पाऊस असेल तर तोंड खाली, म्हणजे नळीत पाणी जात नाही. मात्र खाली धरली म्हणजे चिखलात टेकण्याची धास्ती. काळ्या रानातली चिकणमाती नळीत बसली आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फाटते. चार माणसे ओळीने चालत असतील तर पुढच्याची नळी मागे नको आणि मागच्याची पुढे नको. चापावर बोट नको. ओढा, बांध, काटेरी तार आली की गोळी काढून घ्यावी, रायफल आधी पलीकडे आडवी ठेवावी, तोंड आपल्यापासून दूर. आणि मग आपण ओलांडावे. सेफ्टीच्या खटक्यावर भिस्त ठेवू नये. तो लोखंडाचा तुकडा आहे, शहाणपण नव्हे.

हे सांगताना आबा एकदाच थांबले. त्यांच्या थोरल्या भावाने बैलगाडीतली भरलेली दुनळी नळीला धरून आपल्याकडे ओढली होती. घोडा गाडीच्या दांडीला अडकला. हात वाचला नाही. "गाडीत भरलेली बंदूक म्हणजे भरल्या घरात साप," एवढेच ते बोलले.

आता त्यांच्या नातवाला ती रायफल आपल्या नावावर हवी आहे. वस्ती गावापासून लांब, राखणीला असावी, असे त्याचे म्हणणे. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी ओलांडली की वारसाच्या नावे परवाना मागता येतो. कागदाची अडचण नाही. अडचण आबांची आहे. दुसऱ्याच्या परवान्याची रायफल घेऊन नातवाला रानात फिरता येत नाही. म्हणून त्यांनी रायफलीच्या वजनाचा एक बाभळीचा दांडका तासून घेतला, त्याला जुना पट्टा बांधला, एका टोकाला गेरूचा ठिपका दिला आणि सांगितले, "हे तोंड. वर्षभर हे वाहा. ज्या दिवशी हे कुणाकडे वळणार नाही असं मला वाटेल, त्या दिवशी मी सही करीन."

पोरगा प्रथम हसला असेल. गाव तर हसतेच. मी त्याला पाहिले तेव्हा सातवा महिना चालू होता. सकाळी विहिरीकडे निघताना तो दांडका खांद्यावर घेई. तार आली की आधी तो पलीकडे ठेवी. वाटेत लहान पोरे आडवी आली की गेरूचे टोक आपोआप आभाळाकडे जाई. आबा ओट्यावरून पाहत असत, पण काही बोलत नसत.

माळ सपाट आहे. रायफलीची गोळी चुकली तर तिला अडवायला टेकाड नाही. ती मैलाच्याही पुढे जाते, आणि तेथे कुणी धनगर मेंढरे घेऊन बसलेला असू शकतो. ज्या माणसाला तो दिसत नाही, त्याचीही काळजी वाहायला शिकवणे, हे मला आबांच्या दांडक्याचे मर्म वाटले. शेवटच्या संध्याकाळी मी विचारले, "सही कधी करणार?"

"घाई कुणाला आहे?" आबा म्हणाले. "दांडक्यानं अजून कुणी मेलेलं नाही."

लांब ज्वारीच्या कडेला चार काळविटे मान वर करून उभी होती. नातू दांडका घेऊन त्यांच्या बाजूने बांधावरून येत होता. ती पळाली नाहीत.