चावीच्या मीटरपासून महिन्याच्या बिलापर्यंत

लेस्टरमध्ये आम्ही भाड्याने घेतलेल्या घरात वीज आणि गॅस, दोन्हीचे मीटर प्रीपेड होते. एजंटने घराच्या किल्ल्यांबरोबर एक निळी प्लास्टिकची चावी आणि एक कार्ड हातात ठेवलं. चावी विजेची, कार्ड गॅसचं. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्यावर पैसे भरून घ्यायचे, घरी यायचं, जिन्याखालच्या कपाटात वाकून चावी मीटरमध्ये सरकवायची. आकडा वाढतो आणि लगेच उतरायलाही लागतो. सांगलीला आमच्या घरी बिल यायचं, बाबा ते तारेला टोचून ठेवायचे आणि मुदतीच्या आत भरून यायचे. इथे आधी पैसे, मग उजेड.

सुरुवातीलाच दुकानात 20 पौंड भरले आणि मीटरवर त्याहून बरेच कमी दिसले. दुकानदार गुजराती, वयस्कर. म्हणाले, "बेन, पुराने किरायेदार का उधार होगा, कंपनी को फोन करो." तसंच निघालं. आधीच्या भाडेकरूची थकबाकी मीटरमध्येच बसवलेली होती आणि दर आठवड्याला ठरावीक रक्कम आमच्या पैशांतून कापली जात होती. कंपनीला भाडेकराराची प्रत पाठवली, तेव्हा आमच्या नावाची नवी चावी आणि नवं कार्ड आलं, कापलेले पैसे परत मिळाले. ब्रिटनमध्ये प्रीपेड मीटरच्या घरात राहायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते: जुनी चावी वापरू नका, आधी खातं आपल्या नावावर करून घ्या.

खरी झळ लागली ती 2022 च्या हिवाळ्यात. युक्रेनच्या युद्धानंतर गॅसचे भाव भडकले होते. ऑक्टोबरपासून सरकारने दर बांधून दिले, तरी विजेचं युनिट साधारण 34 पेन्सला आणि गॅसचं 10 पेन्सच्या वर होतं. त्याशिवाय स्टँडिंग चार्ज, म्हणजे काहीही न वापरता रोज लागणारा आकार, दोन्हींचा मिळून दिवसाला पाऊण पौंडाच्या आसपास. महिनाभर भारतात जाऊन आलं की बंद घराचेच वीस-बावीस पौंड मीटर आधी गिळणार, मग उरलेल्यात तुमचं पाणी तापणार. उन्हाळ्यात हीटिंग बंद असतं म्हणून गॅसच्या कार्डाकडे दुर्लक्ष झालं तर हा आकार साचत राहतो, आणि पहिल्या थंडीत भरलेले पैसे त्यातच जातात.

मी हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स. प्रीपेड मीटरला एक सोय असते: क्रेडिट संपलं तरी रात्री आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठा तुटत नाही, तो तुटतो कामाच्या दिवशी, दुकानं उघडी असताना. दिवसा कामाला जाणाऱ्याला ही सोय छान आहे. पण मी घरी असते ती दिवसा, आणि तेव्हा झोपलेली असते. डिसेंबरमधल्या एका दुपारी थंडीने जाग आली. रेडिएटर गार, बॉयलरवर लाल दिवा. नवरा कामावर, मुलगी पाळणाघरात, बाहेर बर्फ. पैसे संपल्यावर मीटर थोडं उसनं देतो, ते इमर्जन्सी क्रेडिट आधीच वापरून झालं होतं. रात्रीच्या ड्यूटीनंतर अंगात त्राण नसताना कोट चढवून दुकानात गेले, कार्ड भरलं, परत येऊन कपाटात गुडघ्यांवर बसले. कार्ड आत, पडद्यावर सूचना, लाल बटण दाबून धरायचं, आतली झडप खट् करून उघडते, मग स्वयंपाकघरात जाऊन बॉयलर पुन्हा चालू करायचा. घर उबदार व्हायला संध्याकाळ झाली. पाच वाजता मुलगी आली तेव्हा तिला कोटातच बसवून खायला दिलं.

या दुपारची नोंद कुठेही झाली नाही. कंपनीने आमचा गॅस तोडला असं कुठल्याही कागदावर नाही, कारण तिने तोडलाच नाही. आम्ही पैसे भरले नाहीत म्हणून तो आपोआप थांबला. बिल थकलं तर पत्र येतं, फोन येतो, हप्ते करून देता का म्हणून विचारता येतं. प्रीपेडमध्ये हे मधलं सगळं गायब होतं. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2022 या एका वर्षात ब्रिटनमध्ये सुमारे 32 लाख लोकांचं क्रेडिट असंच संपलं होतं. माझ्या वॉर्डातून घरी सोडलेले छातीचे, दम्याचे म्हातारे पेशंट थंडीत पुन्हा भरती व्हायचे, तेव्हा हा आकडा मला निव्वळ आकडा वाटत नसे.

त्याच हिवाळ्यात सरकारने प्रत्येक घराला 400 पौंडांची मदत दिली. बिलवाल्यांच्या खात्यात ती आपसूक वळती झाली. आम्हाला मात्र दर महिन्याला 66-67 पौंडांचं व्हाउचर, ते ओळखपत्रासह पोस्टात किंवा दुकानात नेऊन वटवायचं. किती तरी व्हाउचरं कुणी वटवलीच नाहीत. ज्यांना गरज जास्त, त्यांनाच खेटे जास्त, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. शिवाय नेहमीचा दरही प्रीपेडचा चढा होता. डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप, भरणाऱ्यांपेक्षा आम्ही जास्त मोजत होतो, आणि हा फरक सरकारने जुलै 2023 पासून मिटवला.

फेब्रुवारी 2023 मध्ये वर्तमानपत्रातून बातमी फुटली की थकबाकीदारांच्या घरात, अगदी आजारी आणि लहान मुलं असलेल्यांच्या घरातही, कोर्टाचं वॉरंट घेऊन कुलपं उघडून प्रीपेड मीटर बसवले जात आहेत. ऑफजेम या नियामक संस्थेने सक्तीची बसवणूक थांबवायला लावली, कोर्टांनीही अशी वॉरंट देणं थांबवलं. पुढे नियम आले: सक्ती करण्याआधी ग्राहकाशी किमान दहा वेळा संपर्काचा प्रयत्न, आणि दोन वर्षांखालील मूल किंवा एकटे राहणारे 75 च्या वरचे म्हातारे असलेल्या घरांत सक्ती नाही. ते वाचून मी नवऱ्याला म्हटलं, लोकांना यात ढकलू नये म्हणून एवढं चाललंय, मग आपण आपणहून यात का बसलोय?

एजंट म्हणाला, मीटर बदलता येणार नाही, घरमालकाला चालणार नाही. हे खरं नव्हतं. वीज-गॅसचं बिल जो भाडेकरू स्वतः भरतो त्याला कंपनी आणि मीटर बदलून घेण्याचा हक्क असतो. घरमालकाला कळवावं लागतं, आणि घर सोडताना पूर्वीसारखं करून द्या असं तो म्हणू शकतो, एवढंच. मी ईमेलने कळवलं आणि उत्तर आल्याशिवाय फोनवर काही ठरवलं नाही. उत्तर दोन ओळींचं आलं: हरकत नाही.

कंपनीकडून प्रश्न आले. थकबाकी आहे का? नव्हती. क्रेडिट चेक केलं, आणि आम्ही या देशात नवे म्हणून इतिहास अपुरा निघाला. डिपॉझिट मागितलं. मी डायरेक्ट डेबिटची तयारी दाखवली, दोघांच्या पगाराच्या पावत्या पाठवल्या, मग डिपॉझिटचा मुद्दा त्यांनी सोडला. मीटर बदलायला पैसे घेतले नाहीत. इंजिनिअर सकाळी आला, वीज थोडा वेळ बंद ठेवली, जुने मीटर काढून स्मार्ट मीटर बसवले, गॅसची गळती तपासली, बॉयलर पेटवून दाखवला. जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा आणि शिल्लक क्रेडिट, दोन्हींचे फोटो मी आधीच काढून ठेवले होते. त्या फोटोंवरूनच शिल्लक रक्कम नंतर आमच्या खात्यात जमा झाली.

आता वर्षभराच्या वापराचे बारा सारखे भाग पडतात. उन्हाळ्यात जास्तीचे जातात ते हिवाळ्यात कामी येतात. माझी एक सहकारी अजून प्रीपेडवरच आहे, हाताबाहेर खर्च जात नाही म्हणते, आणि तिच्यापुरतं ते बरोबर आहे. निवड तिची आहे, म्हणूनच बरोबर आहे. एक गोष्ट मात्र स्मार्ट मीटर असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी: हा मीटर घरात पाऊल न टाकता, दूरवरूनच बिलावरून प्रीपेडवर नेता येतो. कंपनीची पत्रं न फोडता ठेवू नयेत.

2024 मध्ये धाकट्या भावाचा सांगलीहून फोन आला. "ताई, आपल्याकडे पण प्रीपेड मीटर येणार म्हणतात. तिकडे तू वापरलायस ना, कसा असतो?" महाराष्ट्रात तेव्हा ग्राहक संघटनांनी मोठा विरोध उभा केला होता. जूनमध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं जाहीर केलं. आता बसतात ते नवे मीटर बिल पद्धतीचे आहेत. मी भावाला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते. मीटर बदलायला माणूस आला तर जुन्या मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि बिलाची पद्धत कोणती राहणार ते लेखी मागा. कुणी प्रीपेडला डिपॉझिट लागत नाही म्हणून गळ घातली, तर 2003 च्या वीज कायद्यात तशी सवलत खरोखर आहे, पण त्याच कायद्याच्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी कंपनीला पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ते पंधरा दिवस सोडू नका.